बोटभर फळी

आमचं चित्र गेलं त्यात चित्रवाल्या साहेबांचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. गल्लीत अजून बोललं जातं की म्हाताऱ्याला गोड बोलून कोणीतरी घरातली ठेव उचलून नेली. गल्लीला काय, बोलायला विषय हवा. साहेब सभ्य माणूस होते. वर्षानुवर्षं आमच्याकडे चित्रं चौकटीत बसवायला आणायचे, चहा अर्धाच कप घ्यायचे, आणि निघताना भिंतीकडे बघून दर वेळी विचारायचे, "हे विकायचं नाही ना अजून?"

"ते विकायचं नाही," बाबा म्हणायचे. कामातून मानसुद्धा वर करायचे नाहीत.

दुकान आजोबांचं. पुढे काउंटर, मागे करवत, रंधा, काटकोन तपासायचा गुण्या आणि लाकूड चिकटवायचा सरस तापवायची शेगडी, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीवर ते चित्र. एका चित्रकाराने आजोबांकडून बऱ्याच चौकटी करून घेतल्या आणि पैशांच्या नावाने ठणठणाट. शेवटी गाव सोडून जाताना हे चित्र देऊन गेला. आजोबांनी कपाळाला हात लावला म्हणे. पुढे तो चित्रकार मेला आणि मग मोठा झाला. त्या लोकांत तशीच पद्धत आहे.

चित्र एका पातळ लाकडी फळीवर काढलेलं. एक बाई टेबलाशी बसलेली, शिवण बाजूला ठेवलेली, मान वर करून उजवीकडे बघणारी. उजव्या कडेला एक दार, तपकिरी, बंद. बस, एवढंच. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की दुकानात तावातावाने घासाघीस करायला आलेलं माणूससुद्धा क्षणभर गप्प व्हायचं.

आमच्या घरात एक रीत होती. दुकान ज्याच्या हाती जायचं त्याने या चित्राला स्वतःच्या हाताने नवी चौकट करायची. ती बसली की दुकान त्याचं. जुनी चौकट उतरवायची आणि तिच्या पट्ट्या छोट्या कामांना वापरून टाकायच्या, वाया काही घालवायचं नाही. पहिली आजोबांनी केली, दुसरी बाबांनी. तिसरी माझ्या धाकट्या भावाने.

भावाला सगळी गल्ली 'राजे' म्हणायची, कारण दुकान उघडून, झाडून, सरस तापवून मी दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली की मग राजे डोळे चोळत अवतरायचे. हातात कला होती त्याच्या, नाही असं नाही. पण मापाचं आणि त्याचं वाकडं. 'अंदाजे' हा त्याचा आवडता शब्द. मला तो 'फुटपट्टी' म्हणायचा. "फुटपट्टीबाई, सुताएवढ्या फरकाने जग बुडत नाही." मी म्हणायची, "जग नाही बुडत, दुकान बुडतं." मग तो असा हसायचा की माझा राग कुठल्या कुठे जायचा. त्याच्यावर रागावून राहणं कुणालाच जमलं नाही.

शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मी करवत धरायची. माझे कोपरे असे जुळायचे की नखसुद्धा अडकायचं नाही. तरी बाबांच्या तोंडून 'हं' यापलीकडे काही निघालं नाही. एकदा, नुकती शिकत होते तेव्हा, एका गिऱ्हाइकाच्या चौकटीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी पडलं. बाबांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फोड. चौकट चुकली तर चौकट फोडायची. चित्राला हात लावायचा नाही." मी माझ्याच हाताने ती फोडली. रडत फोडली. त्यानंतर माझं माप कधी चुकलं नाही.

राजेने चौकट केली तेव्हा मी इथे नव्हते. मावशी आजारी होती, तिच्या उशाशी होते. परत आले तर चित्राला नवी चौकट, आणि राजे खुर्चीत मालकासारखे बसलेले. "बघ, तुझ्या अंदाजेवाल्याने केली." चौकट सुरेख होती. पट्टीवर त्याने बारीक पानं कोरली होती, प्रत्येक पान वेगळं. दुकान मी सांभाळायची आणि चौकट याने करायची. पण बोलणार काय? मुलगा होता. त्या काळी आमच्या घरात एवढं कारण पुरायचं.

मी फक्त म्हटलं, "या दाराच्या कडेला उजेड होता ना? पिवळा, अगदी दोऱ्याएवढा? मला आठवतंय."

"तुला काहीही आठवतं," राजे म्हणाला.

बाबा म्हणाले, "नवी चौकट आली की चित्र वेगळं दिसतं." आणि ते मागे निघून गेले. मीही मान्य केलं. लहानपणीचं काय, माणसाला नसलेलंही आठवतं.

पुढच्या वर्षी राजेला कावीळ झाली. साधी म्हणता म्हणता ती पोटात शिरली आणि आमचा राजे गेला. आई आधीच गेलेली होती. बाबा स्मशानातून आले ते थेट दुकानात, आणि त्या चौकटीसमोर उभे राहिले. मी हाक मारली तर म्हणाले, "पानं मोजतोय."

मग दुकान माझ्याकडेच आलं. नावाने नाही, कामाने. बाबांचे हात थरथरायला लागले, करवत माझ्याकडे आली, गिऱ्हाईक माझ्याकडे आलं, हिशेब माझ्याकडे आला. एक तेवढी चौकट आली नाही. मी दर वर्षी विचारायची, "बाबा, चित्राला माझी चौकट करू?" ते म्हणायचे, "बघू पुढच्या वर्षी." मला कळत होतं. राजेच्या हातची ती एकच वस्तू उरली होती. तिला उतरवायचं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा खांद्यावर घ्यायचं. मला कळत होतं, पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही. मलाही एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी म्हणायला हवं होतं की बसली, आता दुकान तुझं.

म्हणून मी गुपचूप केली. समोरून दिसणारं चित्र मोजलं, चौकटीच्या खाचेत बुडलेली कड हिशेबात धरली, जुनं पिकलेलं सागवान आणलं आणि दुपारी बाबा झोपले की काम करायची. नक्षी नाही, पानं नाहीत. सरळ, साधी, गुळगुळीत पट्टी. माझ्यासारखीच म्हणा ना. झाली तेव्हा जुन्या चादरीत गुंडाळून फळ्यांच्या मागे उभी करून ठेवली. पुढच्या वर्षासाठी.

तशी कितीतरी पुढची वर्षं गेली. मग जागेचे मालक आले. त्यांना जागा विकायची होती. घेता तर घ्या, नाहीतर दुसरा घेणारा तयार आहे, असं सरळ सांगून गेले. मी रात्रंदिवस गणितं मांडत बसले. त्या आठवड्यात साहेब नेहमीप्रमाणे आले, चहा अर्धा प्यायले, भिंतीकडे बघून म्हणाले, "हे विकायचं नाही ना अजून?"

बाबांनी मान वर केली. "न्या," ते म्हणाले.

माझ्या हातातून गुण्या पडला. साहेबांनाही खरं वाटेना. बाबा म्हणाले, "जागा पोरीच्या नावावर करायची आहे. माझ्या मागे तिला कोणी ऊठ म्हणता कामा नये."

मला न विचारता! मी एवढी भांडले त्या दिवशी की शेजारचा चपलांचा दुकानदार डोकावून गेला. "मला जागा नको, मला चित्र हवंय!" मी ओरडले. बाबा म्हणाले, "चित्र खाऊन पोट भरत नाही. आणि दुकानच नसेल तर चित्र टांगशील कुठे, माझ्या डोक्यावर?" बाबांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

शेवटी मी एकच अट घातली. "साहेब, चित्र न्यायचं तर माझ्या चौकटीत न्या. आमच्या घरची रीत आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "आनंदाने," ते म्हणाले. "माझ्या घरी ते तुमच्याच चौकटीत राहील. शब्द देतो."

न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दुकानाचं दार लोटून घेतलं आणि चित्र उतरवलं. मी चादर सोडून माझी चौकट टेबलावर ठेवली. बाबांनी तिच्यावरून हात फिरवला, चारही कोपरे अंगठ्याने चाचपले. "कधी केलीस?" मी म्हटलं, "बरीच वर्षं झाली." मग मी राजेच्या चौकटीच्या मागचे खिळे काढायला घेतले तर त्यांनी माझा हात धरला. "मी काढतो." पण त्यांच्या हाताला ते जमेना. पक्कड खडखड वाजत राहिली. शेवटी त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, राजेसाठी.

मागचा पुठ्ठा उचलला तशी आतून एक लांबट चिंधीची गुंडाळी टेबलावर घरंगळली.

"ते असू दे," बाबा घाईने म्हणाले. "आधी चौकट बसव."

मी फळी उचलली आणि माझ्या चौकटीत ठेवली. बसली. सुताएवढी जागा इकडे नाही की तिकडे नाही. हलवून पाहिली, हलली नाही. बाबा पुढे वाकले, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "बसली. माझीसुद्धा इतकी बसली नव्हती." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझे केस पांढरे व्हायला लागले आहेत आणि मी एखाद्या शाळकरी पोरीसारखी तिथे उभी राहून रडले.

डोळे पुसायला म्हणून मी समोरचीच चिंधी उचलली, आणि त्यातून लाकडाची एक पट्टी निघाली.

बोटभर रुंद, चित्राएवढी उंच. एका बाजूला कोरं लाकूड, दुसऱ्या बाजूला रंग. तपकिरी दाराची कड, तिच्यालगत वरपासून खालपर्यंत पिवळा उजेड, दोऱ्याएवढा. खाली कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही.

मी ती चित्राच्या उजव्या कडेला लावून धरली. दार उघडलं. खरंच उघडलं. ते बंद नव्हतंच कधी, कोणीतरी ते ढकलत होतं, आणि ती बाई शिवण टाकून त्याच्याकडेच बघत होती. इतकी वर्षं आम्ही तिला बंद दाराकडे बघायला लावलं होतं.

"बाबा, हे काय आहे?"

ते स्टुलावर बसले. "राजेचं माप चुकलं होतं," ते म्हणाले. "एक बोट कमी. चौकट तयार झाली आणि तो आनंदाने सगळ्या गल्लीला बोलवायला धावला. मी म्हटलं, तोवर बसवून ठेवतो. बसेना. बाहेर त्याचा आवाज येत होता, या, बघा, मी केली. ती पानं कोरायला त्याने किती रात्री घातल्या होत्या ते मी बघितलं होतं गं. फोड म्हणून कसं सांगू त्याला? सगळ्यांच्या देखत?"

"म्हणून तुम्ही चित्र कापलंत."

"बारीक करवत घेतली. डोळे मिटले नाहीत तेवढंच. त्याला कधी कळू दिलं नाही. आणि तो गेल्यावर... त्याच्या हातची चौकट मी कशी फोडणार होतो?"

"मला फोडायला लावलीत," मी म्हटलं. "एका सुतासाठी. माझ्याच हाताने. तेव्हा मी केवढी होते, बाबा? आणि मी म्हटलं की उजेड होता, तर तुम्ही त्याच्यासमोर मला खोटं पाडलंत. माझ्यासाठी कधी सुताएवढी कड कापली असतीत? खरं सांगा."

ते उठले, माझ्या हातातून पट्टी घेतली आणि सरसाच्या शेगडीकडे गेले. शेगडीत निखारे होते.

"साहेबाला कुठे माहीत आहे? तो यायला लागला तोच चौकट बदलल्यावर," ते म्हणाले. "त्याला चित्र आवडलंय ते असंच. ही पट्टी जोडली की फळी मोठी होणार, तुझी चौकट बसणार नाही. ही गेली की चित्र तुझ्याच चौकटीत राहील, कायमचं. सांग. तू सांगशील तसं करतो."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी ती जाळली असती. आजोबांच्या वेळेपासून जपलेलं चित्र, ज्यासाठी त्यांनी साऱ्या गिऱ्हाइकांना नाही म्हटलं, ते माझ्या चौकटीत बसावं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा कापलं असतं. मी जे आयुष्यभर मागत होते ते ते मला देत होते, शेगडीपाशी उभे राहून. आणि ते घेण्यासारखं नव्हतं.

मी त्यांच्या हातातून पट्टी ओढून घेतली.

"चित्राला हात लावायचा नाही, बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच शिकवलंत."

ते खाली बसले आणि रडायला लागले. राजे गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले नाही. मला जाता आलं नाही. मी चित्राची फळी माझ्या चौकटीतून बाहेर काढली, चादरीवर ठेवली आणि पट्टी तिच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. नवे कपडे घालून आले होते, लग्नाला आल्यासारखे. मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "सही! अहो, सही आहे! ही कुठे होती?"

"आमच्याकडून तुटली होती," बाबा काउंटरमागून म्हणाले. "जपून ठेवली होती."

मी त्यांना उजेड दाखवला. साहेब म्हणाले, "हो हो, सुंदर," आणि परत सहीकडे बघायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्या चौकटीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, पट्टीची रुंदी बोटाने मोजली. बिचारे फार ओशाळले. "मी शब्द दिला होता तुम्हाला," ते म्हणाले. "पण जोडल्यावर हे आता..."

"नाही बसणार," मी म्हटलं. "मला माप कळतं, साहेब."

"तुम्ही नवी करून द्या ना. मी थांबतो. लागेल तेवढा थांबतो."

मला हो म्हणता आलं असतं. सागवान मिळालं असतं, माप तर आता बरोबर होतं. पण ती चौकट साहेबांची झाली असती, पैसे घेऊन केलेली, इतर हजार चौकटींसारखी. बसली, म्हणजेच दुकान तुझं, हे म्हणायचं होतं ते बाबांनी काल म्हणून टाकलं होतं, कापलेल्या चित्रावर. ते परत म्हणता येणार नव्हतं.

"तुमच्या माणसाकडून करून घ्या," मी म्हटलं.

साहेबांनी चित्र घोंगडीत गुंडाळलं, पट्टी कापसात ठेवली. जागेची कागदपत्रं, पैसे, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, ते सांगत बसत नाही. निघताना ते दारात थांबले. शब्द मोडून तसंच कसं जायचं, असं त्यांना झालं असावं. टेबलावर दोन चौकटी पडल्या होत्या, एक पानांची आणि एक साधी. पानांच्या चौकटीकडे त्यांनी हातसुद्धा केला नाही, ती गेलेल्या राजेच्या हातची आहे हे त्यांना माहीत होतं. साध्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "ही फार उत्तम झाली आहे. हिच्या मापाचं माझ्याकडे दुसरं चित्र आहे. ही तरी मला द्या. काय घ्याल?"

मी तोंड उघडणार होते. द्यावी म्हणजे डोळ्यांसमोरून जाईल, असंच मनात होतं.

"ती विकायची नाही," बाबा म्हणाले. कामातून मानसुद्धा वर केली नाही त्यांनी. त्यांच्या पुढ्यात काही कामही नव्हतं.

साहेब गेले. बाबा स्टूल घेऊन भिंतीपाशी आले, पण चढता येईना, म्हणून मीच चढले. त्यांनी खालून चौकट वर दिली आणि मी ती चित्राच्या जुन्या खिळ्यावर टांगली. "डावीकडे जरा," ते म्हणाले. मी सरकवली. "अजून सुताएवढी." मी सरकवली.

"आता बरोबर," बाबा म्हणाले.

चौकटीतून भिंत दिसत होती. मी स्टुलावरच उभी राहिले, कारण खाली उतरले असते तर त्यांना माझं तोंड दिसलं असतं.